दुखण्याला दहापैकी किती गुण?

निवृत्तीनंतर मी इंग्लंडात स्लाऊला मुलाकडे राहायला आले, तेव्हा ‘सर्जरी’ म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना, हा इथला पहिला शब्दार्थ शिकले. त्या काळी सकाळी फोन केला की दुपारी डॉक्टर भेटत आणि चेहऱ्याने ओळखतही. आता आठच्या ठोक्याला फोन लावायचा, तेच ते संगीत ऐकत ताटकळायचे आणि अखेरीस कळते की आधी नर्स फोन करील. डॉक्टरांची भेट द्यायची की नाही, ते ती ठरवील.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. जन्मभर फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहिणारा हात कानाच्या वर जाईना. स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता येईना, हे मला फार लागले. सून ट्रेनच्या घाईत माझे केस बांधून पळे.

नर्सने फोनवर विचारले, “वेदनेला दहापैकी किती गुण द्याल?”

प्रश्न नेमका होता. मी मराठीची शिक्षिका. निबंधाला दहापैकी दहा कधीच दिले नाहीत. बऱ्याला चार, उत्तमाला सहा. तोच दंडक लावून मी सांगितले, “चार.” तिचा आवाज एकदम निवांत झाला. व्यायामाचा व्हिडिओ पाठवते, म्हणाली; भेटीची गरज नाही.

सुनेने कपाळाला हात लावला. “अहो आई, चार? इथे चार म्हणजे ठणठणीत!”

“मग खोटे सांगू?”

“खोटं नको, पण हात जरा सैल सोडा.”

“तोच तर सुटत नाही!”

“तुमच्याकडे निबंधात सहाच्या वर कुणी गेलंच नाही का?”

“गेली होती एक मुलगी. आठ दिले होते.”

“मग खांद्याला तिच्या शेजारी बसवा.”

दुसऱ्या सकाळी पुन्हा आठचा ठोका, पुन्हा तेच संगीत. या वेळी मी नर्सला “आठ” सांगितले आणि अंबाड्याचेही सांगितले. त्याच आठवड्यात भेट मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी हात अलगद वर नेला, तशी मी “आई गं!” म्हणून अशी ओरडले, की बाहेर बसलेली सून धावत आत आली.

“हे दहा ना?” बाईंनी हसून विचारले.

“आठच. दोन मी अक्षराचे कापते.”

फिजिओथेरपीलाही रांग होतीच, तीही सरली. आता माझा अंबाडा मीच घालते. जरा डावीकडे कलतो. सून त्याला सहा गुण देते.