इनिडला पडलेला प्रश्न

इनिड बॅराक्लफ आमच्या गल्लीत सगळ्यात वर राहायची. टेकडी खोदून बांधलेलं घर, दारापर्यंत दगडी पायऱ्या आणि बाजूला गंजलेला कठडा. नवरा स्टॅन्ली लोकरीच्या गिरणीत होता, ती बाजारातल्या दुकानात मासे तळायची. दोघांनी मिळून घराचं कर्ज फेडलं. स्टॅन्ली गेला, पुढे इनिडला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय कायमचा लुळा पडला. तो अख्खा हिवाळा ती खाली उतरलीच नाही. दूध-पाव मीच वर नेऊन द्यायचे.

मूळची भारी चौकस बाई. एकदा चहा ओतता ओतता मला म्हणाली, “काय गं, ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला कौन्सिल भाड्याचं घर देतं का?”

कौन्सिल म्हणजे आमची नगरपालिका; तिची स्वस्त भाड्याची घरं गरजूंसाठी असतात. मला हसू आलं. “तू घरमालकीण! तुला कशाला देतील?”

“पण देत नाहीत असं तुला सांगितलं कुणी?”

कुणीच नव्हतं सांगितलं. मग तिने येईल त्याला विचारायचा सपाटा लावला. पोस्टमन म्हणाला, मुळीच नाही. केस कापायला येणारी म्हणाली, साठीच्या वर गेलं की कुणालाही देतात. शेजारचा रॉनी कुंपणावरून ओरडला, “राजवाडा सोडून खोलीत चाललीस होय? आणि लेकुरवाळ्या बायकांनी काय रस्त्यावर झोपायचं?”

ते तिला लागलं. मग तिनेच कौन्सिलला फोन लावला.

तिथून घरवाटपाचं काम बघणारी शाझिया मिर्झा आली. वर पोचेपर्यंत तिला चांगलीच धाप लागली. इनिड खूश. “बस, बस. आता तुला वेगळं काही समजवायला नको.”

शाझिया हसली. “घर आहे म्हणून लगेच नाही म्हणत नाही आम्ही. दुसऱ्या गावचं मला माहीत नाही, पण आमच्याकडे दोन गोष्टी बघतात. या घरात तुम्हाला धड राहता येतं का, आणि हे विकून सोयीचं दुसरं घेता येईल का.”

तिने आतला जिना मापला. इतका अरुंद आणि वळणाचा, की माणसाला बसवून वर नेणारी विजेची खुर्ची तिथे बसेना. मागची भिंत टेकडीच्या भाराने फुगलेली. असल्या घरावर बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे किंमतही बेताचीच येणार होती; तेवढ्यात सोयीचं दुसरं घर मिळणार नव्हतं.

“एक सांग,” इनिड म्हणाली, “मी कुणा पोराबाळांच्या आईचं घर लाटतेय का?”

“नाही हो. तुम्हाला देऊ ती घरं म्हाताऱ्या माणसांसाठीच बांधलीयत. पोरंबाळं असलेल्यांना आम्ही तिथे देतच नाही.”

शाझियाने इनिडचं नाव यादीत घातलं आणि वसंतात बाजाराजवळ त्या घरांपैकी तळमजल्यावरची एक जागा रिकामी झाली. लीड्सहून मुलगा माल्कम आला तो तणतणतच. “बाबांनी घरासाठी हाडं झिजवली आणि तू भाडेकरू होणार? आमच्याकडे चल ना.”

“तुझ्याकडेही जिनाच आहे, बाळा. आधी जागा तर बघू.”

त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरवलं. चाकाच्या खुर्चीतून बाजारात नेलं. मी बरोबर होते. तासभर आम्ही त्या जागेपर्यंत पोचलोच नाही! मासेवाल्याने तिला तिच्या जुन्या दुकानात बोलावून तेलाचा वास घ्यायला लावला, “बघ, तू तापवायचीस तसं तापलंय का?” पाववालीने गालाचा मुका घेतला. इनिड प्रत्येकाला काहीबाही विचारत होती. माल्कम खुर्चीमागे उभा राहून आईकडे बघत होता. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “ही इतकी बोलते, हे मी विसरूनच गेलो होतो.” जागा बघून झाल्यावर त्याने पडदे केवढे लागतील ते विचारलं.

टेकडीवरचं घर एका गवंड्याने घेतलं, फुगलेल्या भिंतीसकट. किल्ली देताना इनिडने स्वयंपाकघराच्या चौकटीवरून हात फिरवला, थोडी रडली, आणि मग त्याला विचारलं, “ही भिंत सरळ कशी करणार, सांग बघू?” तो सांगत राहिला; ती ऐकत राहिली. तिला खाली उतरवायला आलेला माल्कम दारात खोळंबला होता.