बीमने प्यायलेलं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कलेक्टर साहेबाच्या बंगल्यात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे भिंतच नाही, हे माझा नवरा बघून आला आणि आमच्या चालू बांधकामातली मधली भिंत त्यानं रद्द करून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. भिंत गेली म्हणून स्लॅब पेलायला जाडजूड बीम आला, त्यात जास्तीचं लोखंड आलं आणि त्याला रोज पाणी मारणं माझ्या वाट्याला आलं.

ते दुष्काळाचं वर्ष. टँकरपाशी बायकांशी भांडून मी घागरी भरायचे आणि बीमला गुंडाळलेल्या पोत्यांवर नेऊन ओतायचे. लेकरांची अंघोळ बंद होती, बीमची मात्र रोज चालू होती. "पाणी कमी पडलं तर तडे जातील," नवरा बजावायचा.

नव्या घरात राहायला गेलो आणि सासऱ्यांना भेटायला पाहुणे आले. मी फोडणी दिली, तसा सगळा हॉल खोकायला लागला. पाहुणे गेल्यावर सासरे नवऱ्याला म्हणाले, "सून समद्यांम्होरं सैपाक करायलीय. बरं दिसतंय का ते?"

संध्याकाळी नवरा जाड कापडाचा पडदा घेऊन आला. म्हणजे भिंत नको होती, आडोसा हवाच होता, आणि तोही माझ्यासाठी. तो स्टुलावर चढून बीममध्ये खिळे ठोकायला लागला. एकेक खिळा वाकून खाली पडत होता. इतकं पाणी पाजून कडक केलं होतं मी त्या बीमला.

"जरा स्टूल धर," तो म्हणाला.

मी धरलं नाही.