एंदुकु मॅडम

गड्डम मॅडमना मी कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. वर्गातल्या खुर्चीवर त्यांची पर्स बसायची आणि मॅडम फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवायच्या. मध्येच पंखा लावायच्या, मध्येच बंद करायच्या, हातातल्या खडूचे उगाच तुकडे करत राहायच्या. त्यांच्याकडे बघून आमच्याही पायांना चाळा लागायचा. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात त्या शेवटच्या वर्षाला निबंधलेखन शिकवत. मुलांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून गावाच्या नावानं हाक मारत. "ए माळशिरस, झोपलास काय की?" मी सांगोला होते.

त्यांचं घर तेलुगू, विणकरांचं. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध लिहायच्या, पण 'का' हा एक प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून तेलुगूतच यायचा. "एंदुकु?" कुणी जरा ठामपणे काही बोललं की एंदुकु. सिनेमा भंकस आहे म्हटलं तरी एंदुकु, आज भूक नाही म्हटलं तरी एंदुकु. पोरं त्यांच्यामागं त्यांना एंदुकु मॅडमच म्हणायची. कारण सांगेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत, म्हणजे येरझाऱ्या घालायच्या, पण तुमच्याच भोवती.

वर्षअखेरीला आम्हाला एक दीर्घ निबंध लिहायचा होता. त्याच्या सुरुवातीला आपलं म्हणणं एका वाक्यात मांडायचं आणि पुढची सगळी पानं ते पटवून द्यायचं. मी लिहिलं, 'मुलींनी शिकणं गरजेचं आहे, कारण शिक्षणाशिवाय मुलींचं चालणार नाही.' वाक्य मला फारच आवडलं होतं. मॅडमनी ते चालता चालता वाचलं आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"सांगोला, तू चादर उलटवलीस."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. "माझे वडील मागावर चादरी विणायचे. आपली सोलापुरी चादर उलटी करून बघ. नक्षी तीच असते. इकडं लाल मोर पांढऱ्यावर, तिकडं पांढरा मोर लालवर. मोर एकच की! तुझं कारण म्हणजे तुझंच वाक्य आहे, फक्त रंग बदललेलं. गरज आहे, कारण गरज आहे. असलं वाक्य कुणाला खोडता येत नाही, आणि म्हणूनच ते काही सांगतही नाही."

मी दुसरं लिहून नेलं. 'शिक्षणानं समाज पुढं जातो, कारण शिकलेला समाज प्रगत असतो.' पुन्हा चादर. तिसरं नेलं, पुन्हा चादर. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. हॉस्टेलच्या व्हरांड्यात मीही त्यांच्यासारख्या येरझाऱ्या घालू लागले. डोक्यात एकच वाक्य उलटंसुलटं फिरत राहायचं.

त्यातच एके दिवशी आबा आले, माझे वडील. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी मॅडमपाशी नवं वाक्य घेऊन उभी होते, तेवढ्यात आबा टोपी हातात धरून स्टाफरूमच्या दारात आले आणि म्हणाले, "पोरीला न्यायला आलोय. बास झालं आता शिक्षान."

"एंदुकु?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी मराठीत विचारलं, "का म्हणून?"

"का म्हंजे? पोरगी हाय की ती. पोरीनं घरीच ऱ्हायाचं असतंय."

मी मध्येच बोलले, "आबा, मला शिकायचंय. शिकायलाच पाहिजे, म्हणून शिकायचंय."

मॅडम आता आबांना गाठणार अशी माझी खात्री होती. त्या उलटल्या माझ्यावरच. "तू गप. तू तर परत चादरच उलटवायलीस." भर स्टाफरूममध्ये, आबांच्या देखत. माझं सगळं शिक्षण पणाला लागलेलं आणि या बाई माझीच चूक काढतायत. मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग त्या आबांकडे गेल्या. "तुमचंही तेच आहे, आबा. पोरगी आहे, म्हणून पोरीसारखं राहायचं. हे कारण नव्हे. खरं काय असेल ते सांगा. मला ऐकायचंय."

मॅडम खिडकीपाशी जाऊन आल्या, पुन्हा गेल्या. "हिची आय गेल्यापास्नं घर खायला उठतंय," आबा म्हणाले. "दिस जातोय शेरडांमागं, डाळिंबात. पर सांजच्याला ताटावर बसलं की घास उतरत न्हाय."

मॅडम थांबल्या. खिडकीच्या वाटेत, मधेच. "हे कारण आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याला उत्तर द्यावं लागेल. दे, सांगोला."

मनात होतं ते मी बोलले. "आबा, आत्ता आले तर भाकरी करीन, वाढीन. पण तुमच्याशी बोलणार न्हाई. मनात अढी धरून बसीन. माझा सभाव तुमाला ठावं हाय."

आबा एकदम हसले. "आयवरच गेलीया. मग एकट्यानंच जेवल्यालं बरं की," ते म्हणाले. "पर दर शनवारी यायचं. न्हाय म्हनायचं न्हाय." मी मान हलवली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

त्यानंतर मी वाक्य लिहिलं. 'आमच्या भागात अनेक मुलींची शाळा सुटते ती शिक्षणाला विरोध म्हणून नव्हे, तर घरात भाकरी करणारं दुसरं कुणी उरत नाही म्हणून.' मॅडमनी वाचलं. "आता हे खोटंही निघू शकतं," त्या खूश होऊन म्हणाल्या. "म्हणून ते तपासण्यासारखं आहे. जा, घरोघरी विचार." मी शनिवारी गावी जायची आणि रविवारी विचारत हिंडायची.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. मी आता सोलापुरातच शिकवते. आबांना फोनवर नुसतं कळवलं, तर ते सकाळच्या पहिल्या गाडीनं आले आणि मॅडमच्या घरासमोरच्या गल्लीत उन्हात उभे राहिले. आतून तेलुगूतलं रडणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "आबा, एवढ्या लांब कशाला आलात? तुमची त्यांची तर एकदाच गाठ पडली होती."

आबांनी टोपी काढली. "तुजी आय गेली तवा समदी मला सांगायलाच आली," ते म्हणाले. "असं कर, तसं कर. काय हुतंय म्हून ह्या बाईनं तेवढं इचारलं."