हिरवा दांडा, निळा तंबू

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही. शाळेच्या सभागृहामागची बोळासारखी लांबट खोली. वर एकच खिडकी, आणि तिच्यातून सकाळचं ऊन तिरकं उतरून जमिनीवर एका पेटीएवढा उजेड पाडतंय. भिंतीला सहा खुंट्या, खुंट्यांवर सहा लांब पिशव्या. फळीवर एकात एक बसवलेली पातेली, कंदील, तंबूच्या खुंट्या ठोकायच्या मोगऱ्या, दोरीची वेटोळी. मेण, जुना कॅनव्हास आणि ताजा रंग, असा तिहेरी वास. मग पिशव्यांमागून आवाज येतो:

"दारात खांबासारखं उभं राहू नका. आत या, नाहीतर माझा उजेड सोडा! कोण आहे?"

"मीच की, मावशी."

"मीच म्हणजे कोण? जगात सगळे मीच असतात."

"शिट्टी."

"मग शिट्टी वाजवत यावं. नाव कशाला पाडलंय तुला?"

आणि आवाजाची मालकीण पुढे येते. ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, गळ्यात स्काउट पथकाचा रुमाल, केसांच्या बुचड्यात खोचलेलं दाभण. दारात उभी आहे ती तेरा वर्षांची संघनायिका, हिरव्या तंबूतल्या सहा मुलांची प्रमुख. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारते की मैदानाच्या पलीकडची कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहतील. तिला आपलं नाव सांगावं लागलं याचं जरा नवल वाटलं, पण ती विसरून गेली. शिबिर सहा दिवसांवर आलं होतं, नवल करायला सवड कुणाला?

दाभणवाल्या या बाईला पथकातली मुलं मावशी म्हणत. कागदोपत्री ती कोठीप्रमुख, म्हणजे तंबू, भांडी, दोऱ्या आणि खुंट्या यांची आई. चाळीस वर्षं तिनं ताडपत्रीच्या कारखान्यात मशीन चालवलं होतं. मालमोटारींची आच्छादनं, बाजारातल्या दुकानांवरची छपरं, काय काय शिवलं त्याला गणती नाही. त्या कारखान्याला खिडकी म्हणून नव्हती. "जगाच्या डोक्यावर छप्पर घातलं," ती म्हणायची, "पण त्याखाली बसायची वेळ काही आली नाही."

ती वेळ आणली मुलानं. नऊ वर्षांचा असताना पहिल्या शिबिराला निघाला आणि बसच्या दाराला असा चिकटला की सोडवता सोडवेना. तेव्हाचे सर वैतागून म्हणाले, "बाई, तुम्हीच चढा आत!" ती चढली. दुसऱ्या दिवशी पोरगं रडायचं थांबलं, पण आता आपण परत जा, असं बाईंना सांगायची कुणाची छाती झाली नाही, कारण तोवर तिनं फाटके दोन तंबू शिवून काढले होते. आपल्या हातच्या शिवणीखाली ती पहिल्यांदा झोपली ती तेव्हा. झोपली कसली, शिवण बघत पडून राहिली. त्यानंतर तेवीस उन्हाळे गेले, एकही शिबिर चुकलं नाही. वर्षाचे सात दिवस तिचे. बाकीचे तिच्या लेखी त्या सातांची तयारी.

त्या रडक्या पोराचे आता 'सर' झाले होते. पथकाचा प्रमुख तोच. त्यामुळे मायलेकांनी एक कायदा केला होता: घराच्या उंबऱ्याआत तो 'अरे' आणि ती 'आई', उंबऱ्याबाहेर तो 'सर' आणि ती 'कोठीप्रमुख'. घरात ती त्याचे कान उपटायची आणि अर्ध्या तासानं मैदानावर त्यालाच तीन बोटांचा कडक सलाम ठोकायची. जेवताना वाद निघाला की ती विचारायची, "हे सर विचारतायत की माझा मुलगा?" सून हसून म्हणायची, "आधी कोण बोलतंय ते ठरवा, मग मी वाढते."

तर अशा घरात महिन्यापूर्वी एक गोष्ट घडली. मावशी बाहेरून आल्या आणि दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या रेनकोटला म्हणाल्या, "या, बसा ना, उभ्या का?" रेनकोट बसला नाही. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी त्या गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया साधी, पण लवकर केलेली बरी. डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी शिबिराच्या आठवड्यातली. मावशींनी ती पुढे ढकलून घेतली, शिबिरानंतरच्या चौथ्या दिवसावर. आणि डॉक्टरांचा कागद कोठीतल्या सगळ्यात तळाच्या पातेल्यात ठेवून वर सात पातेली रचली. मुलगा तिथं हात घालणार नाही याची खात्री होती. पातेली घासायचा त्याला लहानपणापासून कंटाळा.

कारण मुलगा त्यांना ठाऊक होता. मनानं लोणी, पण नियमाला दगड. नीट दिसत नाही असं कळलं असतं तर त्यानं आईला सात दिवस नदीकाठच्या जंगलात, कुऱ्हाडी आणि चुलींच्या मध्ये नेलं नसतं. आणि एक वर्ष खुर्ची रिकामी झाली की तिच्यावर दुसरं कुणीतरी बसतं, हे कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको.

*

शिबिराच्या चार दिवस आधी पथकात रंगीत तालीम व्हायची. हा शब्दही मावशींचाच. सहाही तंबू शाळेच्या मैदानात ठोकायचे, आत मुलं बसवायची आणि वरून रबरी नळीनं पाण्याचा मारा करायचा. गळतं कुठं ते बघायचं. ओल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही हा पहिला नियम, कारण बोट लागलं की नेमकं तिथंच पाणी उतरतं. त्याआधी गाठींची परीक्षा: डोळ्यांवर रुमाल बांधून पाच गाठी मारायच्या. ज्याला जमणार नाही त्यानं बसमध्ये पाऊल टाकायचं नाही. नवीन मुलं कुरकुरायची, की मावशी, डोळे असताना डोळे कशाला बांधायचे? त्यांचं उत्तर ठरलेलं:

"वादळात आणि धुरात डोळे रजेवर जातात, बाळा. तेव्हा बोटं कामावर पाहिजेत."

त्या दिवशी गाठी छान झाल्या. मग तंबूंचा हुकूम सुटला. सहा तंबू सहा वेगवेगळ्या वर्षांतले, कुठून कुठून मिळवलेले, म्हणून प्रत्येकाच्या दांड्यांची उंची निराळी. गोंधळ नको म्हणून मावशी दर वर्षी दांड्यांवर रंगाचे पट्टे नव्यानं ओढायच्या आणि आपापल्या पिशवीत भरायच्या. लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा, तपकिरी.

लाल उभा राहिला. पिवळा उभा राहिला. पांढरा, तपकिरी, सगळे ताठ. आणि मग हिरवा तंबू उठला तो एका अंगावर कलून, जणू कुणी त्याच्या कानात काहीतरी विचारलंय. शेजारचा निळाही तसाच, फक्त उलट्या बाजूला. दोघांची डोकी एकमेकांना टेकायला आली.

"लग्न लावा त्यांचं!" पिवळ्या तंबूतून कुणीतरी ओरडलं, आणि मैदानभर हशा पिकला.

सरांना हसू आलं नाही. दोन्ही तंबूंत एक दांडा उंच आणि एक वीतभर बुटका होता. अदलाबदल झाली होती हे उघड होतं. आणि पथकाचा जुना दंडक होता की ज्या संघानं सामानाची खिचडी केली, त्यानं पहिल्या दिवशीच्या डोंगरचढाईला मुकायचं आणि तळावर बसून भांडी घासायची.

"शिट्टी, काल पिशव्या कुणी उघडल्या होत्या?"

"आम्ही, सर. खुंट्या मोजायला. पण दांड्यांना हात नाही लावला."

"मग दांडे पायांनी चालत गेले?"

"नाही, सर. पण..."

"पण नाही. हिरव्या संघाची चढाई रद्द."

शिट्टीचा चेहरा पडला. वर्षभर ती त्या डोंगराच्या गोष्टी सांगत होती. वर पोचल्यावर कशी शिट्टी मारणार आणि खाली तळावर ती कशी ऐकू जाणार, हे तिनं निदान दहा वेळा मावशींना ऐकवलं होतं.

मावशी नळी धरून उभ्या होत्या. पाणी पायांवर सांडत होतं. पोरांनी काही केलेलं नाही, हे त्यांना तत्क्षणी कळलं होतं. रंग लावताना हिरवा डबा आणि निळा डबा दोन्ही त्यांना सारखेच मळकट दिसले होते. खरं तर दांडा हातात घेऊन वीत लावली असती तर चूक झालीच नसती. तेवीस वर्षं त्या वीत लावूनच भरत आल्या होत्या. पण या वर्षी त्यांनी हट्टानं वीत लावली नाही. डोळ्यांनीच करून दाखवायचं होतं. कुणाला? स्वतःलाच.

गप्प राहिलं की शिबिर हातात होतं. फक्त गप्प राहायचं होतं.

मावशींनी नळी खाली ठेवली, हात पुसले, ओल्या गवतातून सरांसमोर येऊन टाचा जुळवल्या आणि तीन बोटं कपाळाशी नेली.

"सर, चूक कोठीची आहे. पोरांची नाही."

"कोठीप्रमुख, तुम्ही त्यांना पाठीशी घालू नका."

"पाठीशी घालायला मला ती नीट दिसायला तरी पाहिजेत. सर, मला हिरवा आणि निळा वेगळा दिसत नाही. तळाच्या पातेल्यात डॉक्टरांचा कागद आहे. शस्त्रक्रिया शिबिरानंतर चौथ्या दिवशी."

खाली ठेवलेल्या नळीतून पाणी वाहतच होतं. मग बोलला तो सर नव्हे, मुलगा.

"आई, तुला हे कधी कळलं?"

"आईला महिना झाला. कोठीप्रमुखाला आत्ताच कळलं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"मैदानावर घरचं बोलू नये, सर."

त्यानं हिरव्या संघाचा दंड तिथल्या तिथं मागे घेतला. आईच्या बाबतीत मात्र एवढंच म्हणाला, "या वर्षी तुम्ही विश्रांती घ्या." मावशींनी सलाम केला, वळल्या आणि कोठीत जाऊन पेटीवर बसल्या. दाभण बुचड्यातून काढलं, पुन्हा खोचलं. करायला काही नव्हतं.

*

बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आधी कुजबुज. मग शिट्टीचा आवाज, तिला कुजबुजता येत नसे: "सर, मावशीच म्हणतात ना, डोळे रजेवर तर बोटं कामावर? मग दांड्यांना रंग कशाला पाहिजे?" मग सरांचं काहीतरी पुटपुटणं. मग तंबू उतरवल्याचा धपधपाट, आणि बराच वेळ दोरा ओढल्याचे आवाज, "इकडे दे", "घट्ट, घट्ट!", "माझं बोट अडकलं!" आणि एकदा हशा.

मग दारातला उजेड गेला.

"मावशी, बाहेर या," शिट्टी म्हणाली. "तुमची परीक्षा आहे."

मैदानात तंबूमागे तीन असे अठराही दांडे एका ढिगात पडले होते. सर पुढे आले. "कोठीप्रमुख, शिबिराला यायचं तर पाच गाठींचा नियम सगळ्यांना लागू आहे. तुम्हाला जरा वेगळा पेपर. डोळे बांधून हे दांडे सहा तंबूंत वाटून द्यायचे. एकही चुकता कामा नये."

"रुमाल कशाला? तसंही काय मोठं दिसतंय?"

"नियम आहे."

शिट्टीनं रुमाल बांधला. मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पहिला दांडा उचलला. बोटं वर सरकली, आणि थांबली. टोकाखाली मेण लावलेल्या दोऱ्याचं एक वळं आवळून बांधलं होतं. दुसऱ्या दांड्यावर दोन. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

"लाल एक, पिवळा दोन, हिरवा तीन, असं आहे होय? लबाड कुठले!"

"बोलायचं नाही, मावशी, परीक्षा आहे!"

मग बोटं कामाला लागली. लाल. तपकिरी. पिवळा. पांढरा. वळी चाचपायची, खात्रीला वीत लावायची आणि दांडा बाजूला. या वेळी वीत विसरल्या नाहीत. पोरं श्वास रोखून बघत होती. शेवटी एकच दांडा उरला. मावशींनी त्याच्यावरची वळी मोजली. चार. निळा. पण त्यांनी तो खाली ठेवला नाही. बोटं चौथ्या वळ्याशी परत गेली आणि तिथंच घुटमळली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

बाकी सगळ्या गाठींचे शेंडे दोऱ्याच्या अंगाला लागून मुकाट झोपले होते. पोरांनी त्या मावशींच्या शिकवणीप्रमाणे बांधल्या होत्या. या एका गाठीचे शेंडे मात्र आडवे, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे. अशी गाठ मावशींच्या ओळखीत एकच जण मारत आला होता. नऊ वर्षांचा असल्यापासून. म्हणजे बाहेर पोरं दोरा ओढत होती तेव्हा त्यांच्यात मांडी घालून आणखी एक जण बसला होता, आणि परीक्षेचा निकाल परीक्षेआधीच लागला होता.

मावशींनी रुमाल काढला नाही. काढला असता तर पोरांना डोळे दिसले असते.

"डोंगर चढायचा नाही," सर घाईघाईनं म्हणाले. "कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. आणि परत आल्यावर चौथ्या दिवशी दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाणार. कबूल?"

"कबूल, सर."

"मग तो दांडा ठेवा ना खाली. निळ्याचाच आहे, बरोबर आहे."

मावशींनी दांडा आवाजाच्या दिशेनं पुढे केला, चौथं वळं वर करून.

"दांडा बरोबर आहे. गाठ तेवीस वर्षं चुकतेय. सोड ती, अन् परत बांध."