हेमकांतचा घरचा आवाज

शहाद्यात आता ज्याच्या हातात मोबाईल तो पत्रकार. रस्त्यात म्हैस बसली तरी ही मंडळी घसा फोडून ओरडतात आणि खाली लाल पट्टी फिरवतात. मला त्यांचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण नाही. मी हेमकांत पाटलाबरोबर काम केलेला माणूस आहे.

हेमकांत आमच्या केबल चॅनलवर रोज संध्याकाळी बातम्या वाचायचा आणि मी कॅमेरा सांभाळायचो. स्टुडिओ म्हणजे मालकाच्या दुकानावरची एक खोली आणि मागे निळा पडदा. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून बातम्या सुरू झाल्या की पंखा बंद. मे महिन्यात शहाद्यात पंखा बंद करून कोट घालून बसणं काय असतं, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. वर कोट आणि टाय, टेबलाखाली मात्र पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली आणि दोन्ही पाय गार पाण्याच्या घमेल्यात. पडद्यावर बघणाऱ्यांना वाटायचं, काय रुबाब आहे माणसाचा!

त्याचा बातम्यांचा आवाज भारदस्त होता. लहानपणी रेडिओ ऐकून ऐकून त्यानं तो कमावला होता. घाई नाही, आरडाओरडा नाही. कॅमेरा बंद झाला की मात्र हेच गृहस्थ घमेल्यातून पाय काढत ओरडायचे, “दावीद, पानी दे रे भो, मरी गऊ मी!” हा आवाज अगदी निराळा. पातळ, घाईचा, थोडा नाकातला आणि शेवटी हसू. माझं गाव चिंचपाडा, घरी आमची आदिवासी कोकणी बोली, मराठी मी शाळेत शिकलो आणि अहिराणी या स्टुडिओत. मला त्याचा हा दुसरा आवाजच जास्त आवडायचा.

बातम्यांच्या शेवटी निधन वार्ता असे. आसपासच्या खेड्यांत माणूस गेला की घरचं कुणीतरी चिठ्ठी घेऊन यायचं. त्यात मुलगे, नातू, भाऊ, पुतणे सगळे असायचे, लेकी तेवढ्या नसायच्या. हेमकांत चिठ्ठी वाचायचा आणि विचारायचा, “लेकी कथा दिन्ह्यात?” समोरचा ओशाळायचा आणि नावं सांगायचा. मग तळोद्याला, नवापूरला, सुरतेला दिलेल्या लेकींची नावं टीव्हीवर यायची. बाया त्यासाठी थांबून बातम्या बघायच्या. मालकाला हे कधी कळलं नाही, तो नुसता वेळ जातो म्हणून कुरकुरायचा.

पुढे घरोघरी डिश आली, मग बातम्याही मोबाईलवर आल्या आणि चॅनल बंद पडलं. मी लग्नाच्या शूटिंगला लागलो. हेमकांत एका बियाण्याच्या दुकानात बसू लागला. गिऱ्हाईक कपाशीचं बी मागायचं आणि म्हणायचं, “एकदाव टीव्हीना नमस्कार म्हना ना, पाटील.” तो म्हणायचा. त्याचं हसू तेव्हा मला बघवत नसे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता त्याच्या छातीत कळ आली. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. अर्धी दाढी तशीच राहिली होती, आणि नेण्याआधी ती मी पुरी केली.

तेराव्यानंतर सीमावहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, “दावीदभाऊ, त्यासना आवाज तुमनाजोडे व्हईच ना? माले एकदाव आयकाडा.”

आमच्याकडे मोजकी मेमरी कार्डं होती. आजची बातमी दाखवून झाली की कार्ड पुसायचं आणि उद्याची बातमी त्यावरच घ्यायची. त्याआधी कॅसेटी होत्या, त्यांचंही तेच. बातमी म्हणजे आजची, कालची ठेवून करायचंय काय, असं मालक म्हणायचा आणि आम्हाला ते पटायचं. चॅनल बंद झालं तेव्हा कॉम्प्युटर साफ करून विकला गेला. इतकी वर्षं घराघरात बोललेल्या माणसाचा एक शब्द आमच्याकडे नव्हता.

“घरी काहीच नाही?” मी विचारलं.

घरी काहीच नव्हतं. त्याचा फोन बटणाचा. लग्नाच्या व्हिडिओत सगळी माणसं तोंडं हलवतात आणि वर सिनेमाची गाणी वाजतात. मुलगी हेमांगी सुरतेला असते. तिनं आपला फोन चाळून पाहिला, तर नातवाच्या वाढदिवसाला मागे उभा राहून बाप नुसत्या टाळ्या वाजवतोय. मोबाईल समोर धरला की तो म्हणायचा, “मन्हं बोलनं गावले पुरे, घरमा कॅमेरा नको.”

“मी इसरी जासू, भाऊ,” वहिनी म्हणाल्या. “ते माले हाक कशी मारेत, हाई सकायपाईन याद करस, पन येत नही.” आणि इतक्या दिवसांत माझ्यासमोर पहिल्यांदा त्या रडल्या.

मी सगळं शहादं पालथं घातलं. ज्याला विचारावं तो हात जोडून हेमकांतची नक्कल करून दाखवायचा, “नमस्कार, मी हेमकांत पाटील!” पानवालाही करायचा आणि कंडक्टरही करायचा. नकला ढिगानं, पण अस्सल माल कुणाकडे नाही. शेवटी प्रतिभाताई भेटल्या. त्या इथल्या शाळेत शिकवतात, माहेर ब्राह्मणपुरी. आई गेली तेव्हा सुरतेची बहीण पोचू शकली नव्हती, म्हणून तिला पाठवायला त्यांनी टीव्हीवरची निधन वार्ता मोबाईलवर घेतली होती. ती अजून वडिलांच्या फोनमध्ये होती.

मी आणि वहिनी एस्टीनं ब्राह्मणपुरीला गेलो. प्रतिभाताईंचे वडील दगाआप्पा ओट्यावर बसले होते. त्यांना लेकीचा फोन आला होता. “बठा माय,” म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला मोबाईल काढला. कुणाची मदत न घेता त्यांनी तो लावला.

टीव्हीच्या काचेवर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता. मागे आमचा निळा पडदा आणि समोर कोट घातलेला हेमकांत. “ब्राह्मणपुरी येथील रुक्मिणीबाई दगा पाटील यांचे आज सकाळी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, मुली प्रतिभा आणि रंजना, मुलगा, सून व नातवंडे असा परिवार आहे.” खोलीत कुणीतरी हुंदका दिला होता, तोही त्यात आला होता. वाटलं, मिळाला रे मिळाला! मी मोठ्या आशेनं वहिनींकडे पाहिलं.

त्या पदर तोंडाशी धरून बघत होत्या. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग फोन आप्पांच्या हातात हळूच परत दिला.

“हाऊ तर टीव्हीना आवाज शे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “घरना नही.”

खरं सांगतो, क्षणभर मला राग आला. एवढी वणवण केली आणि बाईंना हा चालत नाही! मग घमेल्यातून पाय काढणारा हेमकांत आठवला आणि राग गिळला. हा आवाज गावाचा होता. चहा मागणारा, चिडणारा, लेकीला सासरी धाडताना फुटलेला आवाज वेगळा होता आणि त्याचा साक्षीदार एकच, समोर बसलेली ही बाई.

आप्पा फोन पुन्हा रुमालात बांधत होते. “मी रोज आयकस,” ते म्हणाले. “पाटीलनी किती मानथून नाव घेयेल शे तिनं! आते घरमा तिनं नाव कोनी लेत नही.”

वहिनींनी विचारलं, “आप्पा, रुक्मिणीबाई कश्या बोलेत?”

“आशी...” म्हणून आप्पा उत्साहानं सरसावले. तोंड उघडलं आणि तसेच थांबले. अंगणाकडे पाहिलं, पुन्हा एकदा ओठ हलवले. शेवटी मान हलवून म्हणाले, “तोंड दिखस, माय. आवाज गया.”

रुक्मिणीबाईंना जाऊन फार वर्षं झाली नव्हती. आप्पांच्या सुनेनं केळी बांधून दिली, ती घेऊन आम्ही निघालो.

एस्टीत खिडकीशी बसून त्या बाहेर पाहत होत्या. केळीच्या बागा मागे पडल्या, उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, गाडी थांबली. आणि वहिनी एकदम बोलायला लागल्या. “सीमा, मन्हा टॉवेल कथा शे वं?” थोडं थांबून, “चहामा साखर टाकी का तू? टाकी का नही?” पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या एकामागून एक वाक्यं म्हणत होत्या, त्याच्या घाईनं, त्याच्या नाकातल्या सुरात.

मग मध्येच थांबल्या. “नही. आशे नही म्हनेत ते.” पुन्हा म्हणून पाहिलं, जरा वरच्या पट्टीत. पुन्हा थांबल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “सीमा म्हनेत ना, ते आशेच ना, भाऊ?”

मी इतकी वर्षं रोज तो आवाज ऐकला होता. मी डोळे मिटून आठवायला गेलो, आणि मला सांगता आलं नाही.