रबराचा रस्ता

"भाऊ, दाबा! घड्याळ दाबा म्हनस ना! रस्ता शे का रबर शे हाऊ?"

कापसाच्या जिनिंगचं फाटक अजून पन्नास पावलं लांब, आणि कल्पेशचा आवाज मात्र कधीचाच माझ्यापर्यंत येऊन पोचलेला. बाकीची पोरं धावताना श्वास जपतात, हा उधळत यायचा. पहाटे तो ओरडला की पारोळ्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची, आणि किल्ला आमच्या गावापासून अकरा किलोमीटर. मी सांगतोय म्हणून निम्मं धरा, तरी साडेपाच होतात.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षं धुळे-जळगाव केलं. एरंडोलच्या पुढे एकदा बिबट्या गाडीत चढला आणि मी त्याला "मागं जागा आहे, पुढं सरका" म्हणालो, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. माझ्या तोंडातून कुठलीही गोष्ट मापात बाहेर पडत नाही. मिशी मात्र मापात होती. दोन्ही टोकं रोज पीळ देऊन सारखी.

निवृत्तीनंतरही चारला जाग यायची, म्हणून फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी मला वेळ मोजायला बसवलं. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. पहिल्या दिवशी प्रश्न आला, सोळाशे मोजायचे कसे? मी म्हणालो, "मोजायचं काय त्यात? एकतीस वर्षं रस्ता या डोळ्यांखालून गेलाय. थांब्याच्या निंबापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत बरोब्बर सोळाशे. वीतभर फरक निघाला तर मिशी काढीन." पोरांनी फाटकापाशी चुन्याची रेघ मारली. झालं मोजमाप.

या पोरांमधला कल्पेश म्हणजे हिलालनानांचा एकुलता एक. नाना विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचे. दोर सोडून पाणी किती हातांवर आहे ते सांगणारा, आणि त्यापलीकडे दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस. बापाचे उरलेले सगळे शब्द पोराच्या वाट्याला आले असावेत. दूध घालायला जायचा तिथं म्हशीशी गप्पा. आजारी माणसाला भेटायला गेला की आजारी माणूस दमायचा. कोणी कसा आहेस विचारलं की सगळं ठीक असल्याचं एकच उत्तर, "बठ्ठं बरोबर शे." तापाने फणफणला होता तेव्हाही तेच. आईने कपाळावर हात ठेवला तर चटका बसला, तरी "बठ्ठं बरोबर शे."

फक्त एकदा बरोबर नव्हतं. वर्षभर धावूनही त्याला दहा सेकंद जास्त लागत होते. वय संपत आलेलं, पुढची भरती शेवटची. त्या दिवशी तो फाटकापाशी धुळीत पाय पसरून बसला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "भाऊ, सोडी देस आते. मामा जळगावले पाइपना कारखानामा लाई देस म्हने."

आता हे नीट ऐका, कारण यात एका शब्दाचीही भर नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या पुतण्याने नवी मोटारसायकल घेतली होती. तिच्यावर मागे बसून याच रस्त्याने आलो. निंबापासून फाटकापर्यंत तिच्या काट्याने एक पूर्णांक आठ दाखवलं. मी पुतण्याला परत वळवलं. पुन्हा एक पूर्णांक आठ. म्हणजे हे पोरगं वर्षभर अठराशे मीटर धावत होतं. सोळाशे त्याने कधीच मारले होते, तेही आरामात.

एक वाक्य पुरलं असतं. "पोरा, रस्ता चुकला, तू नाही." किंवा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. तो उठून जळगावला गेला असता. पण भोवती पाच पोरं उभी होती आणि माझा हात मिशीवर होता. मी तिसरंच केलं. गोष्ट सांगितली. "दहा सेकंदाला रडतोस? पारोळ्याला माझी गाडी मला सोडून निघाली, तर एरंडोलपर्यंत मागं पळत जाऊन खिडकीतून आत शिरलो आणि उरलेली तिकिटं फाडली!" पोरं खिदळली. कल्पेशही हसला. मग उठला, ढुंगणाची धूळ झटकली आणि म्हणाला, "उद्या येस."

आणि आला. रोज आला. त्यानंतर त्याने दहा सेकंदांची कुरकूर कधी केली नाही. फक्त शेवटच्या पन्नास पावलांत ते रबराचं ओरडणं सुरू केलं. मी समजलो, माझी गोष्ट लागू पडली.

धुळ्याच्या भरतीत तो पहिला आला. पहिला म्हणजे दुसरा येईपर्यंत याने पाणी पिऊन घेतलं असतं, पण हा रेघेवर थांबलाच नाही. पुढे पळत गेला, दोनशे मीटर. साहेब ओरडला, "अरे रुकता क्यों नहीं?" हा म्हणाला, "साब, हमारे गाव का सोलासौ थोडा बडा रहता है." गावात परत येऊन त्याने हे मला सांगितलं, माझ्या मिशीकडे बघत. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

पुढची चार वर्षं तो सीमेवरून फोन करायचा. आधी आईला, मग मला. "आठे बठ्ठं बरोबर शे, भाऊ. तुमनी मिशी कशी शे?" दर वेळी मिशीची चौकशी. मला वाटायचं, पोरगं मान देतंय.

त्या उन्हाळ्यात लढाई पेटली. फोन बंद झाले. माझं तोंड मात्र चालू होतं. थांब्यावरच्या चहाच्या टपरीवर मी रोज कल्पेशला लढवत होतो. सोमवारी त्याने एक चौकी घेतली, मंगळवारी तीन. बुधवारी मी त्याच्याकडून रणगाडा उलथवत होतो, बाकावर उभा राहून, दोन्ही हातांनी. नाना कोपऱ्यात बशीतून चहा पीत ऐकत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी ऐकलं. बशी खाली ठेवली. "कल्पेश गया," एवढंच म्हणाले. माझे हात अजून वरच होते. तोफगोळा चौकीवर पडला होता. त्याने काहीही उलथवलं नव्हतं. तो आपल्या जागेवर उभा होता, एवढंच.

फुलांनी मढवलेली गाडी त्याच रस्त्याने आली. निंबापासून फाटकापर्यंत पंचक्रोशीतला सगळा माणूस. साडेपाच मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी पाऊण तास लागला. शेवटचे दोनशे मीटर माझे होते. मी थाप मारून जोडलेले. त्या दोनशे मीटरांत मला कोणी खांद्याला धरून चालवलं ते आठवत नाही.

महिन्याभराने ग्रामपंचायतीने ठरवलं, त्या रस्त्यावर फलक लावायचा. 'शहीद कल्पेश धावपथ, १६०० मीटर'. खाली माझं नाव, मार्गदर्शक म्हणून. रंगारी मजकूर दाखवायला घरी आला. तो आकडा मी दोनदा वाचला. म्हटलं, दोन दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी काढली. गावाला वाटलं, पोराच्या दुःखात काढली. मी कोणाला दुरुस्त केलं नाही. तसाच नानांच्या दारात गेलो. नाना ओट्यावर दोराचं वेटोळं करत बसले होते. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दोराकडे. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मोटारसायकलचा काटा, पाच पोरं, पाइपचा कारखाना, माझी ती खिडकीतून शिरायची गोष्ट. "नाना, त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं तर तो आज जळगावला असता. खरं बोललो असतो तर निदान त्याच्या स्वतःच्या मापाने गेला असता. मी त्याला माझ्या थापेवर पळवलं."

नानांनी वेटोळ्याची गाठ मारली.

"माहीत शे," ते म्हणाले. "तुमनी गोष्ट ऐकी त्याच दिवशी त्यानी रस्ता मोजा. हाऊच दोर. दुसरं टोक मी धरं व्हतं. दोनशे मीटर जास्त भरना."

मी ओट्यावर बसलो. "मग मला का नाही बोलला तो? रोज पळत होता की माझ्यासमोर!"

नाना दोर खुंटीला अडकवत म्हणाले, "भाऊले मिशी काढनी पडी, म्हने."