पोत्यावरची चावी

आख्ख्या शहादा तालुक्यात माझ्यासारखा डायव्हर नाही. हे मी दसऱ्याच्या दिवशी हातात बादली धरून, अनवाणी, चाकापाशी उभा राहून मनात म्हणत होतो, अन् वर स्टेरिंगवर बसला होता मालकाचा जावई.

गाडी नवी होती. ऊस वाहायला घेतलेली. धुळ्याहून बॉडी बांधून मीच आणली. मालक म्हणजे अण्णा, गावातले मोठे शेतकरी, केळी, ऊस, सगळं. मी गावाबाहेरच्या भिलाटीतला, म्हणजे भिलांच्या वस्तीतला. शाळा मी बाहेरून पाहिली, तिच्या भिंतीला लघवी करताना. अण्णांची गाडी मात्र अकरा वर्षं चालवली.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा, गाडी पुढे घ्यायची, लिंबू चेंदलं की झालं. हे काम दर वर्षी अण्णा करायचे. हातभर गाडी पुढे घ्यायचे अन् उतरायचे. उरलेलं वर्ष मी चालवायचो. यंदा अण्णांचे गुडघे गेले. वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आनंद झाला. म्हटलं, आता लिंबू आपलं.

आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, "लिंबूवर गाडी जवाई घाली. नवी गाडी शे, पह्यला हात घरना मानूसना लागाले पाहिजे."

अन् धुळ्याहून आणली तो हात कोणाचा होता? विचारलं नाही. जळालो फक्त. जावई स्कूटी चालवतो, ती पण पाय खाली सोडून. त्याचा शर्ट पांढरा, त्याला सासऱ्याकडून अंगठी, त्याला लिंबू. मला बादली.

दसऱ्याला सकाळी गाडी धुवायला मळ्यातल्या बोअरवर नेली. खिशात चार लिंबं होती. कोणी नव्हतं. चाकाखाली ठेवली, हात जोडले, गाडी हातभर पुढे घेतली. फट्. एवढं सुख मला लग्नात बी झालं नव्हतं. बायकोने निळ्या-पिवळ्या लोकरीचे गोंडे करून दिले होते, ते आरशाला बांधले अन् शिट्टी मारत गाडी अण्णांच्या दारात लावली.

अकलेचा कांदा मी. आख्खी गाडी धुतली, टायर धुवायचे राहिले.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, आरतीचं ताट घेऊन चाकापाशी वाकल्या. तशाच राहिल्या.

"आठे तं निंबू पह्यलेच चेंदायेल शे!"

टायरच्या नक्षीत साल अडकलेलं, बिया पण. आख्खी भावकी जमलेली.

"कोनी करं?" अण्णा म्हणाले.

मी हात वर केला. वाटलं, अण्णा हसतील. अकरा वर्षांचा माणूस मी. म्हणून आधी मीच हसलो.

"उष्टी करी टाकी मन्ही गाडी," अण्णा म्हणाले. "नवीकोरी गाडी. भिलाटीना हात लागी गया पह्यला."

मग गोमूत्र आणलं. बादली माझ्याच हातात होती, तिच्यात ओतलं. मी धरून उभा राहिलो अन् ते शिंपडत राहिले. कॅबिनमध्ये, सीटवर, स्टेरिंगवर. जिथे जिथे मी बसलो, जिथे जिथे हात लावला, तिथे तिथे. शिंपडून झाल्यावर अण्णा म्हणाले, "चावी दी टाक. उद्यापासून येऊ नको."

मी चावी पुढे केली.

"हातमा नको दी. तठे ओटावर ठेव."

ठेवली. अन् परत हसलो. खोटं कशाला बोलू. दोनदा हसलो.

घरी बसलो. घरी तरी कुठे, शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसलो. बायको रेखा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला जायची, बायकांच्या टोळीबरोबर. तिच्या डब्याचा बी मला हेवा वाटायचा. तो डबा रोज कामाला जात होता.

अण्णांची गाडी टपरीवरून जायची. अण्णांच्या भावकीतला एक पोरगा नवा डायव्हर. गॉगल घातलेला. आरशाला माझे गोंडे झुलायचे. पुरुषोत्तमनगरला कारखान्यावर ऊस घेऊन जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचा. मी म्हणायचो, देवा, ब्रेक फेल नको करू, मी तेवढा वाईट नाही. फक्त पंक्चर कर. पुढचे दोन्ही.

कामाला विचारायला गेलो तर केळीवाले व्यापारी म्हणायचे, "तूच ना तो लिंबूवाला?" अन् हसायचे. मी बी मग तेच धरलं. टपरीवर रोज सांगायचो. काकूंसारखा वाकून दाखवायचो, अण्णांचा आवाज काढायचो, गोमूत्र शिंपडून दाखवायचो चहाच्या ग्लासातलं पाणी घेऊन. लोक पोट धरायचे. चहा फुकट मिळायचा.

एक दिवस एक म्हातारा हमाल ऐकत बसला होता. हसला नाही. म्हणाला, "अन् तू काय बोलना?"

"कधी?"

"ते शिंपडी ऱ्हायंतात तवय."

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. या गोष्टीत अण्णांना बोलायला होतं, काकूंना होतं. सगळं मला तोंडपाठ. माझं एक वाक्य नव्हतं. माझा अपमान मीच गावभर विकत होतो, चहाच्या भावाने. तो चहा मी अर्धा टाकला. परत त्या टपरीवर ती गोष्ट सांगितली नाही.

घरी येऊन रेखाला म्हटलं, "काम पाहिजे. कोणतंही."

ती म्हणाली, "महिना झाला, आमनी शेठाणीनी गाडी उभी शे. डायव्हर पयी गया. तुले सांगसू सांगसू करू, पन तू नाटकमा व्हता."

शेठाणी म्हणजे नंदुरबारची खाला, सगळ्यांची मावशी. नवरा गेल्यावर पथारी तीच बघते. पथारी म्हणजे मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची. मध्ये गाडीपुरती वाट. खालाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"क्यों निकाला तेरे को?"

जीभ सवयीने काकूंच्या आवाजाकडे गेली. आवरली. म्हटलं, "नव्या गाडीचं लिंबू मी माझ्या हाताने चेंदलं. म्हणून गाडी उष्टी झाली."

"चलाता कौन था?"

"मी."

"फिर?"

बस, एवढंच. म्हणाली, रिव्हर्स घेऊन दाखव. गाडी जुनी, आरसा एकच, अन् मिरचीचा खकाणा. मी शिंकतोय, डोळ्यांना पाणी, गाडी मागे. एका कडेला चाक मिरचीवर गेलंच. ब्रेक दाबला. खाला आली, चाकाखालची मिरची उचलली, झटकली, परत वाळत टाकली. अन् चावी माझ्या हातात दिली. तिचे हात मिरचीचे. संध्याकाळपर्यंत माझा तळवा जळत होता. मी धुतला नाही.

पंधरा दिवसांनी पथारीवर अण्णांची जीप आली. गॉगलवाल्याने नवी गाडी उसाच्या ओल्या शेतात ॲक्सलपर्यंत रुतवली अन् पळून गेला होता. ऐकून मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. थोडीच.

मागच्या सीटवरून अण्णा उतरले नाहीत. काच खाली केली.

"चाल. झायं ते झायं. सकायपासून ये गाडीवर."

खिडकीतून हात बाहेर काढला, चावी शेजारच्या मिरचीच्या पोत्यावर ठेवली. मी हातभर अंतरावर उभा होतो. हात पुढे केलेला होता.

चावी पाहिली. नवी गाडी डोळ्यांसमोर आली, गाणं वाजवणारा टेप, दोन्ही आरसे, माझे गोंडे. जीव जळाला. खरंच जळाला. अन् तेवढ्यात ते वाक्य आलं, दोन महिने उशिरा.

"अण्णा, चावी हातमा द्या."

"काय?"

"हातमा द्या. नाहीतर उचला."

देठं खुडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही. मग त्यांनी दार उघडलं, दुखऱ्या गुडघ्यांनी पाय खाली टेकवले, खकाण्यात उतरले, शिंकले, अन् पोत्यावरून चावी स्वतः उचलली. जीप गेली.

त्या दिवशी ठरवलं. जो चावी हातात देणार नाही, त्याची गाडी मी चालवणार नाही, मग ती सोन्याची असो. अन् मी जी गाडी चालवीन, तिचं लिंबू मीच चेंदणार, सगळ्यांसमोर, टायर न धुता.

छाती फुगवून रेखाकडे गेलो. म्हटलं, "पाहिलं? आता उद्या जातो अन् माझे गोंडे बी मागून आणतो."

तिने नाकावरचं फडकं खाली केलं.

"गोंडा मी करेल शेतस. मी मांगसू. तू जाय, टायर धू."